दुष्काळाच्या वर्षी आलेली रेल्वे

रायपूर-धमतरी ही बंगाल-नागपूर रेल्वेची अरुंद मार्गावरची शाखा १९०० साली सुरू झाली. राजिमचा फाटा अभनपूरहून निघाला. त्याच वर्षी छत्तीसगड उपाशी होता. १८९६-९७ च्या दुष्काळातून न सावरलेल्या भातशेतकऱ्यावर १८९९ चा कोरडा पावसाळा कोसळला होता.

नागपूरहून चालणाऱ्या मध्य प्रांताच्या सरकारपाशी दुष्काळसंहिता होती. रिचर्ड स्ट्रॅची आयोगाच्या १८८० च्या अहवालातून ती जन्मली. धडधाकटांनी खडी फोडायची, तलाव खणायचे आणि जेमतेम पोटापुरती मजुरी घ्यायची. धान्याच्या व्यापारात मात्र सरकारने हात घालायचा नाही. हे शेवटचे कलम सर्वांत निर्दय. भाव चढत असताना खासगी व्यापार पुरवठा करील, हा भरवसा रिकाम्या हातांच्या मजुराला काय देणार?

१९०० मध्ये मदत पुष्कळ सढळ झाली, गावोगाव अन्नछत्रे उघडली. उन्हाळा सरता सरता प्रांतात वीस लाखांहून अधिक माणसे सरकारी मदतीवर होती. तरीही १८९१ ते १९०१ या दशकात प्रांताची लोकसंख्या सुमारे नऊ लाखांनी घटली. धमतरीत १८९९ मध्ये आलेल्या अमेरिकन मेनोनाइट मिशनने अनाथ मुले सांभाळली.