घरच्या पात्याला घरचीच धार

चुली, तवे, बरण्या आणि लोणची यांविषयी मासिकांतून पुष्कळ लिहून येते. विळीच्या धारेविषयी मात्र क्वचितच काही वाचावयास मिळते. आम्हीही या विषयाकडे वळलो ते एक नुकसान पदरी पडल्यावरच.

आमच्या इचोड्याच्या घरातील विळी आजीने सासरी येताना राजुऱ्याहून आणलेली. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली आणि आमचा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. २०१४ पासून तो तेलंगणात आहे. शेजारच्या तेलुगू घरांत तिला ‘कत्तिपीट’ म्हणतात. आमच्याकडे ती विळीच राहिली. पाते साध्या काळ्या पोलादाचे, दोन बोटे रुंद. कच्ची केळी चिरली की काळे पडे, चिंचेने घासले की पुन्हा उजळे. घरात लग्न निघाले, मणभर भाजी चिरायची होती, म्हणून आम्ही ते पाते बाजारात एका विजेच्या चाकावर धार लावायला दिले. ठिणग्यांचा पाऊस पडला, मिनिटभरात काम झाले आणि पाते हाती आले ते वस्तऱ्यासारखे. कडेला मोरपिसासारखी निळी झाक होती. ती आम्हांला शोभेचीच वाटली, हे आज लिहिताना लाज वाटते.

लग्न पार पडेपर्यंतच ती धार टिकली. पुढे आठ-आठ दिवसांनी पाते बोथट होऊ लागले. शेवटी गावातल्या लोहाराला दाखवले. त्यांनी निळ्या कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाले, “पोलादाचं पाणी उतरलं. धार लागेल, पण टिकणार नाही.”

पाणी उतरले म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. पोलाद लालबुंद तापवून एकदम थंड केले की ते अतिशय कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून लोहार ते पुन्हा बेताने तापवतो. या वेळी पोलादाच्या पृष्ठावर रंग चढत जातात. साधारण २३० अंश सेल्सिअसला गवतासारखा फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि तीनशेच्या आसपास निळा. सुरीचे पाते पिवळ्या रंगावर थांबवले तर त्यात कठीणपणाही राहतो आणि चिवटपणाही. निळ्यापर्यंत गेले की कठीणपणा बराच ओसरतो. वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर पात्याची पातळ कड क्षणात तेवढी तापते. आमच्या विळीवरची मोरपिशी झाक म्हणजे तिच्या आजाराचा रंग होता. लोहाराने तो निळा पट्टा पाण्याने भिजवलेल्या दगडावर हाताने झिजवून काढून टाकला. दोन बोटांचे पाते दीड बोटावर आले. इतक्या वर्षांच्या चिराचिरीत झिजले नव्हते तेवढे एका मिनिटाच्या हौसेपायी गेले.

पोलादाची ही विद्या आमच्या भागाला नवी नाही. इचोड्याहून महामार्गाने दक्षिणेला निघाले की घाट उतरून निर्मल लागते आणि गोदावरी ओलांडली की निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम हे खेडे आहे. मुशीत पोलाद वितळवून त्याच्या वड्या पाडण्यासाठी ते एके काळी दूरवर प्रसिद्ध होते. भूशास्त्रज्ञ डॉ. व्हॉयसे यांनी तेथील कारागिरी पाहून लिहिलेला वृत्तान्त त्यांच्या निधनानंतर, १८३२ साली छापला गेला. पोलाद खरेदी करण्यासाठी थेट इस्फहानहून आलेला एक इराणी व्यापारी त्यांना तेथे भेटला होता. तेलुगूत आणि कानडीत पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात. त्याचाच अपभ्रंश होऊन इंग्रजांनी या पोलादाला ‘वुट्झ’ म्हटले. पुढे विजेच्या शोधांनी गाजलेला मायकेल फॅरेडे १८१९ साली स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या सुऱ्या बनविणाऱ्या कारागिराच्या सहकार्याने याच पोलादाचा अभ्यास करीत होता. ज्या मुलखातून जगाने पोलाद नेले, त्याच मुलखात आम्ही एक विळी जाळून घेतली!

पूर्वी धारेसाठी शिकलगार दारावर येत. पारसी-उर्दूतील ‘सैकल’ म्हणजे घासून उजळणे. त्यावरून हा शब्द आला. त्यांची सहाण लाखेत कुरुंदाची पूड कालवून केलेली असे. चाक दोरीने किंवा पायाने फिरे आणि म्हणूनच सावकाश फिरे. त्या सावकाशीतच पात्याचे रक्षण होते. पुढे सायकलीवर बसविलेली सहाण आली, तीही वाईट नव्हती. आता ती हाक आमच्या गल्लीत वर्षातून एखाद्या वेळीच ऐकू येते. तेवढ्यावर कोणतेही स्वयंपाकघर चालणार नाही.

तेव्हा दगड घरातच हवा. कोणता, हे महत्त्वाचे. बहुतेक घरांत ओट्याच्या कडाप्प्यावर सुरी दोन-चार वेळा घासण्याची रीत आहे. कडाप्पा आणि शहाबादी फरशी हे चुनखडीचे दगड. ते पोलादापेक्षा मऊ. त्यांवर घासल्याने वळलेली कड थोडीशी सरळ होते इतकेच; नवी धार येत नाही. आमच्या पायाखालचा काळा पाषाणही त्या कामाला मंद. जिल्ह्याच्या जुन्या पूर्व भागात, आसिफाबाद-मंचेरियालकडे, वाळूचा दगड सापडतो आणि त्यातील गारेचे कण पोलादाला कापतात. सर्वांत उत्तम तो कुरुंद. कठीणपणात हिऱ्याखालोखाल त्याचाच क्रम लावतात. इंग्रजीतील ‘कोरंडम’ हे नाव आपल्याकडच्या कुरुंदावरूनच गेले आहे. त्याच धर्तीवर नाव ठेवलेला ‘कार्बोरंडम’ हा कृत्रिम पदार्थ अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन यांनी १८९१ च्या सुमारास तयार केला. त्याचा एक बाजू भरड आणि एक बाजू बारीक असा वीतभर दगड हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. एवढा एक घेतला की पुरे. यंत्रात सुरी खसकन ओढून धार लावणारी छोटी साधने मिळतात, पण ती पाते ओरबाडतात आणि कड खडबडीत ठेवतात. आम्हांला ती पसंत नाहीत.

दगड दहा मिनिटे पाण्यात ठेवावा, मग ओल्या फडक्यावर मांडावा, म्हणजे तो सरकत नाही. पाणी वापरायचे तर नेहमी पाणीच वापरावे. एकदा तेल लावलेल्या दगडाला पुन्हा पाणी नीट धरत नाही. आता खरी गोष्ट सुरीच्या कलण्याची. नवशिक्याचा हात येथेच चुकतो. पाते जितके रुंद असेल त्याच्या चौथ्या हिश्शाइतकी सुरीची पाठ दगडापासून उचलावी. चार बोटे रुंद पात्याची पाठ एक बोट उचलली म्हणजे साधारण पंधरा अंशांचा कोन होतो. नारळ-भोपळ्याच्या दणकट सुरीची पाठ तिसऱ्या हिश्शाइतकी उचलावी. हा कोन शेवटपर्यंत न ढळू देणे, हेच सारे कौशल्य.

प्रथम भरड बाजूवर मुठीपासून टोकापर्यंत सुरी हलक्या हाताने फिरवावी, जणू दगडाचा पातळ पापुद्राच काढायचा आहे. काही वेळाने पात्याच्या दुसऱ्या बाजूला एक अतिसूक्ष्म उलटी कड आलेली बोटाला जाणवते. बोट नेहमी पाठीकडून धारेकडे, आडवे न्यावे. धारेच्या रेषेत कधीही फिरवू नये. ही कड संपूर्ण लांबीवर आली की समजावे, त्या बाजूचे काम झाले. मग दुसरी बाजू तशीच. त्यानंतर बारीक बाजूवर आळीपाळीने, दाब कमी करत. शेवटी उरलीसुरली उलटी कड जुन्या चामडी पट्ट्यावर पाते उलट्या दिशेने ओढून काढून टाकावी. न्हावी वस्तऱ्याला करी तसेच. अंगठ्याच्या नखावर पाते अलगद टेकवावे. घसरले तर बोथट, जागच्या जागी अडकले तर धार लागली.

विळीचे गणित उलटे आहे. तेथे पाते स्थिर आणि दगड हातात. पाटावर नेहमीसारखे बसून, पण चेहरा आणि मोकळा हात पात्यापासून दूर ठेवून, लहान दगड बुडापासून टोकाकडे फिरवावा. पाते आतून वळलेले असल्याने सपाट दगड मध्यभागी टेकत नाही. गोल कडेचा दगड घ्यावा. तो नसेल तर लोणच्याची चिनी मातीची बरणी उपडी करून पाहावी. बुडाच्या कडेला चकाकी नसलेली खरखरीत गोल रेघ असते. हलकी धार लावायला ती फार चांगली. हे काम मुले शाळेत गेल्यावर करावे.

कात्री आणि अडकित्ता यांना आतल्या सपाट बाजूने दगड लावू नये, नाहीतर दोन पाती एकमेकांना भेटत नाहीत. दातेरी सुरीच्या वाटेला जाऊच नये.

बोथट पाते निरुपद्रवी वाटते, पण हात तेच अधिक कापते. टोमॅटोच्या सालीवरून ते निसटते, आपण जोर वाढवतो आणि तो जोर बोटावर येतो. कांदाही बोथट सुरीने चिरडला जातो, म्हणून डोळ्यांना अधिक झोंबतो.

आमची दीड बोटाची विळी आता महिन्यातून एकदा दगड पाहते आणि काम झाले की पुसून, तेलाचा हात फिरवून भिंतीला टेकते. परवा खुरपी पाजवून आणायला गेलो तेव्हा तिचेही पाते काढून सोबत नेले होते. लोहाराने विचारले, “धार कोणी लावली?” आम्ही सांगितले. त्यांनी नखावर टेकवून पाहिले, उजेडात धरून पाहिले आणि परत देत म्हणाले, “टोकाकडे जरा कमी आहे.”