स्कॅन ‘नॉर्मल’, तरी डोके जड का?
न्हाणीघरात घसरून आजोबांचे डोके आपटले, सी.टी. स्कॅन निर्दोष आला. तरी तीन आठवड्यांनंतरही डोके दुखते, भोवळ येते. ‘मनाचे खेळ’ हा घरच्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. स्कॅनमध्ये कवटीचे तडे आणि रक्तस्राव दिसतात. धक्क्याने ताणलेले सूक्ष्म मज्जातंतू दिसत नाहीत. असा त्रास बहुतेकांचा हळूहळू ओसरतो.

उतारवयात मात्र मेंदू किंचित आकसलेला असतो. त्यावरील ताणलेल्या शिरेतून रक्त संथपणे झिरपून काही आठवड्यांनीही मेंदूवर दाब येऊ शकतो. म्हणून डोकेदुखी वाढली, चाल अडखळली, गुंगी वा गोंधळ जाणवला, तर जुन्या अहवालावर विसंबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तेथे आधी सांगा; स्वतःहून ती बंद करू नका.