वजाबाकी एकच, वाटा चार : सराव पाठात शिकलेली गोष्ट



"गणिताचा तास रंजक झाला पाहिजे" हे वाक्य डी.एड.च्या दोन वर्षांत आपण सगळ्यांनीच शंभरदा ऐकलेलं असतं. पाठटाचणात आपण ते लिहितोही. पण रंजक म्हणजे नेमकं काय, हे मला कळलं ते माझ्या एका फसलेल्या पाठामुळे. गंमत म्हणजे त्या पाठाला शेरा चांगला मिळाला होता.

पुठ्ठ्याची लोकल

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला छात्रसेवाकालासाठी मी उल्हासनगरमधल्या एका मराठी शाळेत होते. वर्ग तिसरीचा, घटक हातच्याच्या वजाबाकीची उजळणी. दोन रात्री जागून मी पुठ्ठ्याची लोकल बनवली. कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशनं केली. प्रत्येक डब्याच्या खिडकीत एक उदाहरण चिकटवलं. स्टेशन आलं की एका मुलाने यायचं, चिठ्ठी काढायची आणि फळ्यावर गणित सोडवायचं. वर्ग खूश, टाळ्या, शिट्ट्या. निरीक्षण वहीत शेरा आला, "साहित्य आकर्षक, विद्यार्थ्यांचा सहभाग चांगला."

तास संपल्यावर वह्या तपासल्या. ४२ − १७ या गणिताचं उत्तर अर्ध्याहून जास्त वह्यांमध्ये ३५ होतं.

ही चूक तुम्हीही पाहिली असेल. दोनातून सात जात नाहीत, मग मूल सातातून दोन काढतं, पाच. चारातून एक, तीन. झाले ३५. यात मुलाचा आळस नाही. "लहान संख्येतून मोठी वजा होत नाही" हे आपणच फळ्यासमोर उभं राहून सांगितलेलं असतं. मूल ते प्रामाणिकपणे पाळतं, मोठ्यातून लहान काढतं. त्याच्या दृष्टीने ४२ ही एक संख्या नसतेच, शेजारी शेजारी बसलेले ४ आणि २ असतात. माझ्या लोकलने यातलं काहीच बदललं नव्हतं. गाडीत गणितं होती, पण गाडीचा आणि वजाबाकीचा काही संबंध नव्हता.

"ते गणित आहे ना, बाई"

माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "लाल शाई मारायच्या आधी एकदा विचार तरी, कसं काढलंस म्हणून." मधल्या सुट्टीत मी एका मुलीला जवळ बोलावलं. तिची आई घरी जीन्सचे धागे कापायचं काम करायची. उल्हासनगरच्या जीन्सच्या धंद्यावर अशी कितीतरी घरं चालतात. आलेला माल मोजून घेणं आणि झालेला मोजून देणं हे काम या मुलीकडे होतं.

मी विचारलं, "घरी बेचाळीस पँटी आल्या. सतरा झाल्या. किती राहिल्या?"

"पंचवीस." एक क्षणही लागला नाही.

"कसं काढलंस?"

"सतराला तीन टाकले की वीस. वीसला बावीस टाकले की बेचाळीस. तीन आन् बावीस पंचवीस."

"मग वहीत पस्तीस का लिहिलंस?"

तिने वहीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ते गणित आहे ना, बाई. मला गणित येत नाही."

घरचा हिशोब सांभाळणारी मुलगी तिसरीतच स्वतःला गणितात कच्ची ठरवून मोकळी झाली होती. वजाबाकी तिला येत होती. तिची वजाबाकी आणि आपली वजाबाकी एकच आहे, हे तिला कोणी दाखवलं नव्हतं.

ही काही एका मुलीची गोष्ट नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात नारळ, फळं वगैरे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास तेरेझिन्या नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. बाजारात विचारलेल्या हिशोबांपैकी ९८ टक्के मुलांनी बरोबर सांगितले. तसेच हिशोब कागदावर नुसत्या आकड्यांत दिले, तेव्हा जेमतेम ३७ टक्के बरोबर आले. आपल्या मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनीही धारावीतल्या मुलांचं शाळेबाहेरचं गणित अभ्यासलं आहे. २०२५ मध्ये अभिजीत बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि इतरांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल हेच मांडलं, आणि उलट बाजूही दाखवली. शाळेत शिकणाऱ्या मुलांना बाजारातला हिशोब जमत नव्हता. म्हणजे पूल दोन्हीकडून तुटलेला आहे.

एकच उदाहरण, चार वाटा

मग मी पुढचे चार दिवस रोज नवीन खेळ आणायचं सोडून दिलं. ४२ − १७ हे एकच उदाहरण चार वाटांनी घेतलं.

पहिली वाट, काड्या. अंबरनाथचा विमको नाका अनेकांना माहीत असेल. तिथे विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना होता. काड्यापेटीतल्या गुल खुडलेल्या काड्या किंवा आइस्क्रीमच्या काड्या घ्या. दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावा. चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या. आता मुलाला म्हणा, "मला सतरा दे." एक गठ्ठा तो लगेच देतो. मग सात सुट्ट्या द्यायला त्याच्याकडे दोनच असतात. आपण गप्प बसायचं. थोड्या वेळाने कोणीतरी विचारतं, "बाई, रबर काढू का?" हातचा म्हणजे हेच, रबर काढणं. चार गठ्ठ्यांचे तीन होतात आणि सुट्ट्या होतात बारा. संख्या बेचाळीसच राहते, हे मुलांकडून मोजून घ्या.

दुसरी वाट, चित्र. गठ्ठ्यासाठी उभी रेघ, सुट्टीसाठी टिंब. एक रेघ खोडून दहा टिंबं काढायची. काड्यांवरून थेट आकड्यांवर उडी मारली तर निम्मी मुलं मध्येच पडतात. "मूर्ताकडून अमूर्ताकडे" हे सूत्र आपण परीक्षेत लिहितो. जेरोम ब्रूनर यांनीही कृती, चित्र आणि चिन्ह असे तीन टप्पे सांगितले आहेत. आपण घाईत नेमका मधला गाळतो.

तिसरी वाट, त्या मुलीची. फळ्यावर एक आडवी रेघ मारली. एका टोकाला १७, दुसऱ्या टोकाला ४२. तिला पुढे बोलावून उड्या मारायला सांगितल्या. १७ वरून २० वर ३ ची उडी, २० वरून ४२ वर २२ ची उडी. दुकानदार सुटे पैसे परत देताना असंच पुढे मोजत जातो. वर्गातल्या अनेकांना ही रीत आधीपासून येत होती, पण शाळेत चालते हे माहीत नव्हतं.

चौथी वाट, नेहमीची उभी मांडणी. आता ४ खोडून ३ लिहिताना आणि २ चे १२ करताना रबर काढलेला गठ्ठा मुलांच्या डोळ्यांसमोर होता. शेवटी २५ + १७ करून ताळा. ज्यांचं उत्तर ३५ होतं, त्यांनी ३५ + १७ करून पाहिलं. ५२ आले आणि चूक त्यांची त्यांनाच सापडली.

एक गोष्ट इथे जोडते. 'बेचाळीस' म्हणताना आधी दोन ऐकू येतात, मग चाळीस. लिहिताना मात्र चार आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात नेहमीच्या नावांबरोबर 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आलं आणि केवढा वाद झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचा मुद्दा मुलांची ही अडचण कमी करण्याचाच होता. त्या वादात कोणतीही बाजू घ्या, पण गठ्ठे मांडताना "चार दशक दोन, म्हणजे बेचाळीस" असं दोन्ही म्हणून घ्या. फायदा होतो.

लोकलचं काय झालं?

ती फेकली नाही, दुरुस्त केली. प्रत्येक डब्यात बरोबर दहा जागा केल्या. ४२ प्रवासी म्हणजे चार भरलेले डबे आणि फलाटावर दोघे. आता सात जण हवेत तर भरलेला डबा रिकामा करावा लागतो. साहित्य तेच, पण आता ते वजाबाकी शिकवत होतं. साहित्य निवडताना मी तेव्हापासून एवढंच विचारते : हे काढून घेतलं तर पाठातलं गणित कमी होईल, की फक्त सजावट?

मोठ्या वर्गांसाठी अंबरनाथचं शिवमंदिर घ्या. शिलालेखातलं वर्ष शके ९८२ आहे. त्यात ७८ मिळवले की इ.स. १०६०. आता २०२५ − १०६० करायला सांगा. शतकाच्या जागी शून्य आहे, मग हातचा कुठून आणायचा? ९६५ येईपर्यंत चौथी-पाचवीचा वर्ग चांगला घाम गाळतो. गाडीच्या वेळाही घ्या. ४:१७ ते ४:४२ म्हणजे २५ मिनिटं. पण ४:४२ ते ५:१७ ला तास सुटा केला की ६० मिनिटं मिळतात, १०० नाही.

अडचणी आणि पालकांसाठी थोडं

चाळीस मुलांत काड्या वाटण्यातच अर्धा तास जातो. म्हणून पाच-पाचचे गट करा आणि गठ्ठे आदल्या दिवशी मुलांकडूनच बांधून घ्या. काही मुलं काड्या सोडायलाच तयार नसतात. त्यांना हळूहळू चित्रावर आणा. आणि सराव व पाढे यांना पर्याय नाही. समजल्यावर केलेला सराव टिकतो, एवढंच.

पालकहो, घरी तीन गोष्टी करा. भाजी घेताना सुटे पैसे मुलाला मोजू द्या. "किती आलं?" याच्याऐवजी "कसं काढलंस?" असं विचारा. आणि त्याची रीत तुमच्या रीतीपेक्षा वेगळी असली, पण उत्तर बरोबर असलं, तर खोडू नका. ती शाळेत बाईंना दाखवायला सांगा.

त्या मुलीने चौथ्या दिवशी फळ्यावर दोन्ही रीतींनी २५ काढले. दोन्हीकडे सारखंच उत्तर आलं म्हणून तिने पुन्हा एकदा मोजून पाहिलं. मग जागेवर जाताना म्हणाली, "हे तर आमच्या मालासारखंच आहे."