गेम संपला? मग आता खरे मत सांगा!

सुट्टी मे महिन्याची असो की दिवाळीची, आपल्या वस्त्यांमध्ये दुपारी एक दृश्य हमखास दिसते. ओट्यावर, जिन्यावर किंवा समाजमंदिराच्या पायरीवर चार पोरे एका मोबाईलभोवती डोकी लावून बसलेली असतात. एकाच्या हातात फोन आणि बाकीचे तिघे सल्लागार! मग एकदम ओरडा होतो आणि पोरगा घरात धावत येतो. "बाबा, गेम पूर्ण केला!" एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेले बाबा कूस बदलतात आणि म्हणतात, "बरं झालं. आता तरी पुस्तक हातात घे." विषय तिथेच संपतो.

खरे तर मत देण्यात आपण मागे नाही. सिनेमा पाहून आलो की कोणाचे काम चांगले झाले आणि शेवट कसा फसला, हे शेजारीपाजारी सांगतो. मुंबईला भीमगीतांचा कार्यक्रम ऐकून परत निघालो की गायकाचा आवाज कसा लागला, यावर लोकलमध्ये बदलापूर येईपर्यंत चर्चा रंगते. मग ज्या खेळात आपल्या मुलाने किंवा मुलीने वीस-पंचवीस तास घातले, त्याबद्दल त्यांचे मत आपण का विचारत नाही?

सुजाण पालकांनो, खेळ वाईट की चांगले हा जुना वाद आज उकरायचा नाही. हातात घेतलेला खेळ शेवटापर्यंत नेणे आणि मग त्याबद्दल भीडभाड न ठेवता खरे बोलणे, ही मुलांनी शिकण्यासारखी गोष्ट आहे, एवढेच येथे सांगायचे आहे. ज्याला खेळाबद्दल खरे बोलता येते, त्याला उद्या पुस्तकाबद्दल, पुढाऱ्याच्या भाषणाबद्दल आणि दुकानदाराच्या मालाबद्दलही खरे बोलता येईल.

कॅसेटवरचे नऊ आणि आतला माल

आपल्या भागात हे वेड आजचे नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधव आले आणि १९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे येथला बाजार हुबेहूब नकलेसाठी इतका प्रसिद्ध झाला की 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा विनोदच रूढ झाला. नव्वदच्या दशकात देशभरच्या बाजारांत आणखी एक नक्कल आली. ती म्हणजे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या यंत्राची ती स्वस्त नक्कल होती. ज्यांच्या घरी ते नव्हते, ती मुले तासावर पैसे देऊन दुकानात खेळत.

त्या यंत्राच्या कॅसेटवर मोठ्या अक्षरांत '९९९९९९९ इन वन' असे छापलेले असे. म्हणजे जवळजवळ एक कोटी खेळ! आत पाहावे तर मोजकेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा आलेले. आज जी मंडळी चाळिशीत आहेत, त्यांना हा अनुभव आठवत असेल. वेष्टनावर काय लिहिले आहे आणि आत काय निघाले, हे ताडून पाहण्याचा पहिला धडा अनेकांनी त्या कॅसेटवरच घेतला.

त्या कॅसेटमधला राजा म्हणजे 'सुपर मारिओ ब्रदर्स', साल १९८५. एकूण आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, म्हणजे बत्तीस टप्पे. खेळ मध्येच जपून ठेवण्याची सोय नव्हती. एका बैठकीत संपवला तर संपवला. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून! या खेळाबद्दल खरे मत काय द्यावे? तो न्यायाने वागतो, ही त्याची मोठी बाजू. मारिओ खड्ड्यात पडला तर चूक खेळणाऱ्याची असते आणि ती त्याला लगेच कळते. कोणी न शिकवता पहिल्याच पडद्यावर उडी कशी मारायची हे उमगते. उणी बाजू अशी की राजकन्येला काही कामच नाही. सुटका होईपर्यंत ती शेवटच्या किल्ल्यात बसून राहते. आपल्या घरातल्या मुलीने हा खेळ पूर्ण करून "ती स्वतः का पळून गेली नाही?" असे विचारले, तर ते खेळाचे उत्तम परीक्षण समजावे.

दुसरा लाडका खेळ 'कॉन्ट्रा'. दोघांनी मिळून खेळायचा. एकाचे जीव संपले तर तो दुसऱ्याचा एक जीव मागून घेऊ शकतो. दोन भावांमध्ये किती भांडणे आणि किती समेट या एका सोयीने झाले असतील! गोळीबार सोडून त्यात फारशी कथा नाही, हेही मान्य करावे. पण शेजारी बसून एकमेकांना सांभाळत खेळण्याची गोडी त्यात होती. आज फोनवर एकट्याने खेळणाऱ्या मुलांना ती क्वचितच मिळते.

कथा पूर्ण कळली का?

पुढे संगणक आले, सायबर कॅफे आले आणि रस्त्यावर सीडीच्या नकला आल्या. त्यातला सर्वात गाजलेला खेळ म्हणजे २००४ साली आलेला 'जीटीए सॅन अँड्रियास'. हा प्रौढांसाठीचा खेळ आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या हाती तो देऊ नये, हे आधीच स्पष्ट सांगतो. पण तो आपल्या कितीतरी तरुणांनी खेळला आहे. गुप्त अक्षरे दाबून बंदुका आणि पैसे मिळवायचे, गाड्या पळवायच्या आणि पोलीस मागे लागले की हसायचे, एवढ्यावरच बहुतेकांनी तो सोडला.

ज्यांनी कथा शेवटापर्यंत नेली, त्यांना वेगळाच खेळ दिसला. आईचा खून झाल्यावर एक काळा तरुण पाच वर्षांनी आपल्या वस्तीत परततो. वस्ती अमली पदार्थांनी पोखरलेली आहे. गुन्हा न करताही त्याला अडकवणारा भ्रष्ट पोलीस अधिकारी पहिल्याच दिवशी भेटतो. शेवटी तो अधिकारी न्यायालयात सुटतो आणि शहर पेटते. यामागे खरा इतिहास आहे. रॉडनी किंग या काळ्या माणसाला बेदम मारणाऱ्या पोलिसांच्या खटल्यात २९ एप्रिल १९९२ रोजी आरोपींच्या बाजूने निकाल लागला आणि लॉस एंजेलिस पेटले. अमेरिकेतील काळ्यांच्या 'ब्लॅक पँथर' चळवळीवरून ज्या महाराष्ट्रात १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले, तेथल्या तरुणाने ही कथा ओळखायला हवी होती.

म्हणून खरे मत दोन्ही बाजूंनी द्यावे लागते. वस्ती आणि पोलीस यांच्याबद्दल हा खेळ बरेच खरे बोलतो. बायकांबद्दल मात्र तो हलके बोलतो आणि वाटसरूचा जीव कवडीमोल करतो. अर्धवट खेळणाऱ्याला यातली एकच बाजू दिसते. त्यासाठीच 'आधी पूर्ण करा, मग बोला' हा आग्रह.

पुण्यात तयार झालेली राजी

आता आपल्याच राज्यातला खेळ पाहू. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या कंपनीने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० साली बाजारात आणला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी नेटाने काम पुरे केले आणि २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. ही कौतुकाचीच गोष्ट आहे.

राजी ही सर्कशीसारख्या कसरती करून पोट भरणाऱ्या कुटुंबातली मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू याला असुर पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. खांबावर चढणे, भिंतीवरून धावणे, कोलांटी मारून वार करणे ही तिची हत्यारे. रस्त्यावर दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर ज्याने पाहिली आहे, त्याला राजी ओळखीची वाटेल. अशा घरातल्या मुलीला नायिका करणारे खेळ किती आहेत? राजवाड्यांची चित्रे देखणी आहेत. कथा बाहुल्यांच्या सावल्यांमधून सांगितली जाते, तो भाग तर फारच सुंदर.

आता उणे. मारामारी काही वेळाने तीच ती होते. पाच-सहा तासांत खेळ आटोपतो आणि शेवट इतका अचानक येतो की पुढचे पान फाटले आहे असे वाटते. याहून महत्त्वाची बाब म्हणजे राजीचे कसब तिने लहानपणापासून घाम गाळून मिळवलेले आहे, तरी विजयाचे श्रेय हळूहळू तिला निवडणाऱ्या देवतेकडे आणि देवांनी दिलेल्या शस्त्रांकडे जाते. शिवाय असुर म्हटला की तो दुष्टच! खलनायकाचे नावही महाबलासुर. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीराजाची बाजू मांडली. त्या बळीचे राज्य यावे म्हणून मराठी आयाबहिणी आजही दिवाळीत ओवाळतात. अशा महाराष्ट्रात तयार झालेल्या खेळाला हा प्रश्न विचारण्याचा आपल्या मुलांना हक्क आहे. खेळ आवडला म्हणून प्रश्न गिळायचा नाही आणि प्रश्न आहे म्हणून कारागिरीचे कौतुक नाकारायचे नाही.

न संपणारे खेळ

पण आज वस्तीत सर्वात जास्त खेळले जाणारे खेळ संपतच नाहीत! पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली. २०२१ मध्ये त्याच धर्तीचा बीजीएमआय आला, २०२२ मध्ये तो हटवला गेला आणि २०२३ मध्ये परतला. शंभर जण उतरतात, शेवटचा उरलेला जिंकतो आणि लगेच दुसरा डाव सुरू होतो. खेळ फुकट असतो, पण पात्राचे कपडे आणि बंदुकीचे रंग विकत असतात. हंगाम संपला की नवा हंगाम, नवे कपडे. ज्याला शेवट नाही त्याबद्दल थांबून विचार करायला सवडच मिळत नाही. तशी ती मिळू नये, यातच विकणाऱ्याचा फायदा आहे.

अशा खेळात शेवट आपणच ठरवावा. महिनाअखेरीस फोन बाजूला ठेवून हिशेब मांडावा. किती तास गेले, किती रुपये गेले, कोणते मित्र मिळाले, डोक्यात काय उरले? जीन्सच्या कारखान्यात नगावर शिलाई करणाऱ्या आईला एका पात्राच्या जाकिटाची किंमत किती पँटींची शिलाई होते, ते सांगून पाहावे. उत्तर आपोआप मिळेल.

पैसे लावून खेळायच्या खेळांची गोष्ट तर आणखी गंभीर. त्यांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. त्यानंतर अनेक मोठ्या कंपन्यांनी असे डाव बंद केले. आपल्याला हा इशारा फार जुना आहे. भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात तरुण गृहस्थाला जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, आणि जुगाऱ्याच्या शब्दाला चारचौघांत किंमत राहत नाही. फोनवर पैसे हरलेल्या तरुणाला हे तीनही तोटे समजावून सांगावे लागत नाहीत. त्याला गरज असते ती घरात न घाबरता खरे सांगता येण्याची.

घरात काय करता येईल?

मुलाने किंवा मुलीने खेळ पूर्ण केला की चहा घेताना दहा मिनिटे द्या आणि एवढे विचारा.

पहिला प्रश्न : तू यात कोण होतास, आणि तुला कोणाला मारायला लावले?

दुसरा : सोडून द्यावेसे कुठे वाटले, आणि मग का सोडले नाहीस?

तिसरा : यात मुलगी, गरीब माणूस, काळा माणूस कसा दाखवला आहे?

चौथा : जाहिरातीत सांगितले ते मिळाले का? किती तास आणि किती पैसे गेले?

पाचवा : हा खेळ धाकट्या भावंडाला देशील का? का देशील किंवा का देणार नाहीस?

उत्तरे वहीच्या एका पानात लिहून घ्यावीत. 'लय भारी' आणि 'एकदम बकवास' हे दोन शब्द मात्र वापरायचे नाहीत! सगळे मित्र वाहवा करीत असताना "मला कंटाळा आला" असे म्हणायला धैर्य लागते. सगळे नावे ठेवत असताना "मला आवडला" म्हणायलाही लागते. अंबरनाथला, उल्हासनगरला, बदलापूरला जेथे वाचनालय किंवा अभ्यासिका चालते, तेथे महिन्यातून एका रविवारी अर्धा तास मुलांनी ही पाने वाचून दाखवावीत. त्यात मुलींना पुढे बसवावे, कारण घरात फोन आधी भावाच्या हाती जातो.

पालकांनीही एक पथ्य पाळावे. मुलाने "चार तास खेळलो" असे खरे सांगितले, तर त्या क्षणी धपाटा घालू नये. खरे बोलल्याबद्दल मार मिळाला की पुढच्या वेळी तो एक तास सांगेल. वेळेचे बंधन दुसऱ्या दिवशी शांतपणे घालता येते.

कोणी म्हणेल, एवढ्या विचाराने पोट भरते का? तर हेही लक्षात घ्या. खेळ बाजारात येण्यापूर्वी तो शेवटपर्यंत खेळून त्यातले दोष नेमक्या शब्दांत लिहून देणारी माणसे गेम कंपन्या पगारावर ठेवतात. नेमके पाहणे आणि नेमके लिहिणे हे त्यांचे भांडवल. ते भांडवल जमवायला महागडा संगणक लागत नाही, दोनशे पानी वही पुरते. या सुट्टीत तुमच्या घरात जो खेळ पूर्ण होईल, त्याचे पहिले पान त्याच संध्याकाळी लिहून काढा.