चावऱ्या कुत्र्याचा बंदोबस्त

मलकापुराहून नांदुऱ्याकडे जाताना महामार्गावर वडनेर भोलजी लागते. या मार्गाचा सरकारी क्रमांक आता 53 झाला असला, तरी जुन्या माणसांच्या तोंडी तो अद्याप 'सहा नंबर'च आहे. त्याच्या दोन्ही अंगांना जी काळीभोर कसदार जमीन पसरलेली आहे तीत कपाशी, तूर, मका यांची पिके उभी राहिली म्हणजे रात्री रोह्यांचे आणि रानडुकरांचे कळप त्यांवर धाड घालतात, आणि त्या धाडीला अटकाव करण्यासाठी मळ्यामळ्यांतून गावठी कुत्रे बाळगण्याची वहिवाट आहे. अशाच एका मळ्यातल्या वाघ्या नावाच्या कुत्र्याने आपल्याच सालदाराच्या पोटरीचा चावा घेतला, आणि त्याचा पुढे काय बंदोबस्त करावा याचा खल मालकाच्या ओसरीवर सुरू झाला. त्या प्रसंगी मी तेथे पाहुणा होतो.

ओसरीवरच्या मंडळींत मतभेद असले, तरी कुत्रा नाहीसा झाला पाहिजे याविषयी बहुतेकांचे एकमत होते. कोणी म्हणाले, रात्री गाडीत घालून महामार्गावरच्या एखाद्या ढाब्यापाशी सोडून द्यावा. कोणी आवाज खाली करून भाकरीत काय कालवावे ते सुचविले. मालकाचे मन यांतल्या कशालाही धजेना, कारण ज्या कुत्र्याच्या जिवावर त्याने कित्येक हंगाम रात्री निर्धास्त झोप घेतली त्याला एका चाव्यासाठी देशोधडीला लावणे त्याला कृतघ्नपणाचे वाटत होते. अखेरीस गावाजवळच राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना बोलावणे धाडण्यात आले. पशुवैद्यकीय दवाखान्यात व्रणोपचारक म्हणून त्यांची सारी हयात गेली होती. गावात त्यांना सर्वजण काका म्हणत.

काका आले ते खांद्याला एक कापडी पिशवी अडकवून, आणि आल्याबरोबर त्यांनी विचारपूस केली ती कुत्र्याच्या स्वभावाची नव्हे, तर चाव्याच्या तारखेची. चाव्याला किती दिवस झाले, कुत्रा त्यानंतर खातोपितो काय, गिळताना त्याला अडचण पडते काय, आवाज घोगरा झाला आहे काय, मागचे पाय लटपटतात काय, लस कधी टोचली होती, हे सारे त्यांनी एखाद्या जमादाराने जबानी घ्यावी तशा बारकाईने विचारून घेतले. पिसाळलेला कुत्रा आणि रागावलेला कुत्रा यांत महदंतर आहे. पहिल्याला कोणतीही शिकवण लागू पडत नाही, आणि तो प्रत्येक वेळी अंगावर धावूनच येतो असेही नाही, कारण रेबीजच्या एका प्रकारात जनावर मलूल होऊन कोपऱ्यात पडून राहते. चावलेला कुत्रा दहा दिवसांनंतर धडधाकट जिवंत असेल, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत रोगाचे विषाणू नव्हते असे मानतात. वाघ्याच्या बाबतीत ती मुदत उलटून गेली होती. तथापि तेवढ्यावर विसंबून चालत नाही. सालदाराने सरकारी दवाखान्यात सुया घेण्यास सुरुवात केली होती, हे ऐकल्यावरच काका उठले.

मळ्याच्या फाटकाशी, पांदणीच्या अगदी कडेला, एका कडुनिंबाच्या बुंध्याला वाघ्या बांधलेला होता. साखळी जेमतेम तीन-चार हात लांबीची असल्यामुळे, आणि तिच्या टप्प्यात तो दिवसभर येरझारा घालीत असल्यामुळे, झाडाभोवतीच्या मातीत एक अर्धवर्तुळ उमटलेले होते. त्याच्या आतली जमीन खळ्यासारखी चोपून निघालेली, तर बाहेर गवत जोमाने वाढलेले. पांदणीने शाळेत जाणारी पोरे नेमकी त्या गवताच्या कडेने जात, आणि साखळी कोठवर पोचते हे त्यांना पक्के ठाऊक असल्यामुळे, तिच्या पलीकडून खडे मारण्याचा खेळ रोज सकाळ-संध्याकाळ चाले. काकांनी ते अर्धवर्तुळ पाहिले, त्याच्या आत पडलेले खडे पाहिले, आणि कुत्र्याकडे न जाता ते बऱ्याच अंतरावर धुऱ्यावर पाठमोरे नव्हे, पण अंग तिरके करून बसले.

"त्याच्या डोयात पाहू नका, भाऊ," ते मला म्हणाले, "पाह्यलं का थो पेटते."

पुढचा बराच वेळ त्यांनी काहीच केले नाही. या कामातली मुख्य करामत या न करण्यातच असावी असे मला त्यांच्याकडे पाहून वाटू लागले. आम्हांला पाहताच वाघ्याने प्रथम भुंकून आकांत मांडला. पण आम्ही हलत नाही असे दिसल्यावर त्याच्या हालचालींत जे बारीक फेरफार होऊ लागले, ते काका मला हलक्या आवाजात दाखवीत गेले. शेपूट उभे ताठ होऊन टोकाशी थरथरत होते. त्याला हलणारे शेपूट समजून जवळ जाणारा माणूस हमखास फसतो. पाठीवरचे केस मानेपासून कमरेपर्यंत उभे राहिले होते, परंतु अंगाचा भार मागच्या पायांवर होता, म्हणजे पुढे झेपावण्याचा आव आणताना जनावर मनातून मागे सरत होते. मध्येच त्याने मान वळवून स्वतःचे नाक चाटले, मग झोप आलेली नसताना मोठी जांभई दिली, आणि डोळ्याच्या कडेचे पांढरे दिसेल इतके तिरके आमच्याकडे पाहिले. ही सारी अस्वस्थतेची चिन्हे होत. तुरीड रुगास या नॉर्वेजियन प्रशिक्षिकेने अशा खुणांवर पुस्तक लिहिले आहे. काकांनी ते नावही ऐकलेले नव्हते, मात्र त्यातल्या जांभईची आणि नाक चाटण्याची त्यांना दवाखान्याच्या आवारात वर्षानुवर्षे ओळख पटलेली होती.

मालक गुरगुरण्यावर चिडून होता. गुरगुरला की तो काठी उगारी आणि कुत्रा गप्प बसे. या गप्प बसण्यालाच तो शिस्त समजत होता. काकांनी त्याला जे सांगितले ते त्या दिवसातले सर्वांत मोलाचे वाक्य होते असे मी समजतो: "गुरगुरते तं गुरगुरू द्या. ज्या दिशी गुरगुरनं सोडलं, त्या दिशी भ्या." गुरगुरणे म्हणजे जप्तीपूर्वीची नोटीस होय. नोटीस आणणाऱ्या शिपायाला चोप दिल्याने जप्ती टळत नाही, ती फक्त बिनसूचनेची होते. सालदाराला वाघ्या चावला तो अगदी असाच, कसलाही आवाज न करता, भाकरीचे भांडे उचलताना; कारण आवाज केल्यास मार बसतो हे त्याला तोवर नीट शिकविण्यात आले होते.

कुत्र्यावर धाक बसविला पाहिजे, नाहीतर तो मालकावरच हुकूमत गाजवू लागतो, ही समजूत वऱ्हाडातल्या मळ्यांपुरती नाही. ती साऱ्या जगात पसरलेली आहे, आणि तिचा उगम मोठा चमत्कारिक आहे. रुडॉल्फ शेंकेल या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या झगड्यांचे निरीक्षण करून 1947 साली एक प्रबंध प्रसिद्ध केला, आणि कळपात वर्चस्वासाठी नित्य झुंज चालते हा समज त्यातून रूढ झाला. अमेरिकेच्या डेव्हिड मीच यांच्या 1970 च्या ग्रंथाने तो घरोघर पोचला. पुढे याच डेव्हिड मीच यांनी मोकळ्या रानातल्या लांडग्यांचा अभ्यास केला, तेव्हा तेथले कळप बहुधा आईबाप आणि त्यांची पोरे अशी कुटुंबे असल्याचे त्यांना आढळले, आणि 1999 साली त्यांनी स्वतःच्या जुन्या मताला छेद देणारा लेख लिहिला. कोंडलेल्या परक्या जनावरांवरून बांधलेला सिद्धांत आपण दारच्या कुत्र्याला लावावा, आणि त्याला साखळीने कोंडून तो सिद्धांत खरा करून दाखवावा, हा प्रकार मला तरी खेदजनक वाटतो.

ऊन कलल्यावर काकांनी पिशवीतून उकडलेल्या अंड्याचे आणि भाकरीचे तुकडे काढून, कुत्र्याकडे न पाहता, अर्धवर्तुळाच्या आत एकेक टाकण्यास आरंभ केला. पहिले काही तुकडे पडून राहिले. मग ते खाल्ले जाऊ लागले. मग तुकडा पडण्याआधीच मान वर होऊ लागली. या अवधीत कुत्रा वारंवार डोके झाडतो आणि उजवा कान मागच्या पायाने खाजवतो, ही गोष्ट काकांच्या ध्यानात आली होती. "कानात काहीतरी हाय. दुखते म्हनून थो डोक्यापाशी हात येऊ देत नाही," असे म्हणून त्यांनी सालदारालाच, ज्याच्या हातची भाकर वाघ्या रोज खाई त्यालाच, समोर बसवून खाऊ घालण्यास सांगितले. मग मागून न जाता बाजूने सरकत जाऊन, पट्टीचा सैल फास नाकाच्या हाडावरून घेऊन हनुवटीखाली एक गाठ मारली आणि टोके कानांमागे नेऊन बांधली. हे सारे इतके सावकाश झाले की घाई कोठे करावी लागलीच नाही. कान उलटताच आत दाण्यासारख्या टंच फुगलेल्या गोचिडी आणि चिघळलेली कातडी दिसली; वासही येत होता. मालकाचा चेहरा त्या क्षणी पडला. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकांकडून औषध आणवले गेले.

कान बरा झाल्याने स्वभाव बरा होतो असे मात्र नाही. वेदना गेली तरी वेदनेची सवय राहते, आणि तीवर काकांनी जी तजवीज सांगितली ती अगदी साधी होती. खुंटा फाटकावरून हलवून गोठ्यामागे, जेथून पांदण दिसत नाही अशा जागी न्यावा. दोन खांबांमध्ये उंचावर तार ताणून तीवर सरकणारी साखळी घालावी, म्हणजे कुत्र्याला लांबवर फिरता येते. सकाळ-संध्याकाळ त्याला दोरीवर मळ्याभोवती हिंडवावे. भाकरीचे भांडे तो खात असताना उचलू नये, उलट त्यात वरून आणखी एक तुकडा टाकून निघून जावे. पोरांच्या बाबतीत त्यांनी योजलेला उपाय, नाव न घेता, रशियाच्या पाव्हलॉव्ह यांच्या शोधावरच उभा होता: पोरे दूर पांदणीत दिसली की सालदाराने खाऊ टाकावा, दिसेनाशी झाली की थांबवावा, आणि कुत्रा निवांत राहील त्या बेताने अंतर आठवड्या-आठवड्याने कमी करीत न्यावे. खडे मारणाऱ्या पोरांना त्यांनी दरडावले नाही. त्यांतल्या दोघांना त्यांनी लांबून खाऊ टाकण्याच्या कामावरच नेमून टाकले.

मळ्यातला कुत्रा हा एका मालकाचा प्रश्न असतो. गावातल्या मोकळ्या कुत्र्यांची गोष्ट अधिक अवघड आहे. भाद्रपद लागला की कुत्र्यांच्या झुंडी माजतात, नरांत मारामाऱ्या होतात, आणि कुत्रीची गर्भावस्था सुमारे 63 दिवसांची असल्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात कुंपणाआड, पऱ्हाट्यांच्या गंजीखाली पिल्ले दिसू लागतात. त्या काळात जी कुत्री एरवी शेपूट घालून बाजूला होते, तीच पिल्लांजवळून जाणाऱ्यावर तुटून पडते. ढाब्यांवरच्या उष्ट्यावर पोसलेले कुत्रे मोटरसायकलींमागे धावतात. वेग वाढविणारा पडतो, आणि सावकाश थांबणाऱ्याचा पाठलाग बहुधा तेथेच संपतो.

या सर्वांना मारून टाकणे हा उपाय जुना आहे आणि जुनाच अयशस्वी आहे. मुंबईत 1832 साली सरकारने कुत्रे मारणाऱ्यांस बक्षिसाची लालूच दाखविली, तेव्हा पारशी समाजाने केवढा दंगा केला हे इतिहासात नमूद आहे. उलट गोव्यात 2014 पासून 'मिशन रेबीज' या संस्थेने सरकारच्या साहाय्याने गल्लोगल्ली जाऊन कुत्र्यांना लस टोचण्याचे काम नेटाने केले, आणि 2021 साली राज्य सरकारने मागल्या तीन वर्षांत रेबीजने एकही माणूस दगावला नसल्याचे जाहीर केले. कायदाही आहे: 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार पाळीव जनावर वाऱ्यावर सोडून देणे तर अपराध आहेच, पण कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला हिंडविण्याची हयगय करणे हाही अपराध आहे, हे फार थोड्या मालकांना ठाऊक असते. मोकळ्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण ही 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिल्ली व परिसरासंबंधी दिलेल्या सुधारित हुकुमात, नसबंदी झालेले कुत्रे पुन्हा त्यांच्या जागी सोडावेत, मात्र पिसाळलेले आणि आक्रमक सोडू नयेत, असे म्हटले. आक्रमक कोणता आणि भेदरलेला कोणता, हे मात्र धुऱ्यावर तासभर निमूट बसण्याची तयारी असलेल्या माणसालाच सांगता येईल, आणि अशी माणसे कोणत्याही कचेरीच्या आस्थापनेत मंजूर नाहीत.

काही महिन्यांनंतर मी पुन्हा त्या मळ्यात गेलो, तेव्हा वाघ्या तारेखाली पडून होता आणि मला पाहून त्याने बेताने भुंकून घेतले. मालक खूश होता. कुत्रा आता माणसाळला, पोरांना कुरवाळू द्यावे काय, असे त्याने माझ्यासमक्ष काकांना विचारले. काकांनी साफ नकार दिला. चावलेला कुत्रा पुन्हा चावू शकतो, असे धरूनच चालावे; सालदाराच्या हातचे तो खाईल, परक्यावर भुंकेल, रोह्याला पिटाळील, पण खाताना वा झोपेत त्याच्याजवळ मूल गेले तर त्याची हमी कोणी देऊ नये, आणि नसबंदीने हिंडणे व नरांशी भांडणे कमी झाली तरी भीती जात नाही. म्हणून त्याच्या भाकरीच्या वेळी फाटक बंद ठेवावे, वर्षाची लस चुकवू नये, आणि एवढे करूनही कोणाला दात लागलाच तर जखमेवर हळद, चुना वा तिखट न भरता ती साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. तेथे पहिल्या सुईचा दिवस शून्य धरून 0, 3, 7 आणि 28 या दिवशी कातडीत लस देतात, खोल जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही भरतात, आणि यांतली एकही तारीख चुकवायची नसते.