खाडी

खाडी म्हणजे समुद्राचे पाणी जमिनीत आत शिरून तयार झालेला अरुंद जलमार्ग होय. बहुतेक खाड्या नदीच्या मुखाशी असून त्यांत भरती-ओहोटीनुसार खारे व गोडे पाणी मिसळत राहते. इंग्रजीतील 'इनलेट' ही संज्ञा अशा जलमार्गाला आणि यंत्रात पाणी, हवा किंवा इंधन आत घेणाऱ्या तोंडालाही लावली जाते. मराठीत 'खाडी' हा शब्द केवळ पहिल्या अर्थाने वापरतात. दुसऱ्या अर्थी कारागीर सरळ 'इनलेट' असेच म्हणतात.

शब्दाची व्याप्ती

हिंदीत 'खाड़ी' हा शब्द उपसागर व आखात यांनाही लागू होतो. त्याच्या अनुकरणाने मराठी वृत्तपत्रांत 'खाडी देश' असा प्रयोग आढळतो; तो सदोष आहे. मराठीत बंगालचा उपसागर, इराणचे आखात आणि धरमतरची खाडी असा स्पष्ट भेद असून तो जपणे इष्ट ठरते.

निर्मिती

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन काळात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. बर्फ वितळल्यावर पाणी चढले आणि नद्यांच्या दऱ्यांचा खालचा भाग बुडाला. कोकणातील अनेक खाड्या अशा बुडालेल्या दऱ्याच आहेत. सावित्रीची बाणकोट, वाशिष्ठीची दाभोळ, शास्त्रीची जयगड आणि वाघोटनची विजयदुर्ग ही त्यांची उदाहरणे होत. ठाण्याची खाडी मात्र थोडी निराळी आहे. तिला मोठ्या नदीचा थेट प्रवाह मिळत नाही. उल्हास नदीचे बहुतेक पाणी वसईच्या खाडीने समुद्रास मिळते.

भरती, गाळ आणि पूर

खाडीत दिवसातून साधारण दोनदा भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे मंद भरती असते. पूर्वी गलबते भरतीच्या पाण्यावर आत येत, म्हणून किनाऱ्यापासून दूर असलेली राजापूर, गोवळकोट यांसारखी गावे बंदरे बनली. घाटउतारावरून आलेला गाळ साचत गेला, तसे मोठ्या गलबतांना तेथवर पोहोचणे अशक्य झाले. या बंदरांच्या ऱ्हासाचे श्रेय केवळ रस्ते व रेल्वेला देणे अपुरे आहे.

गाळाचा प्रश्न आज व्यापाराइतकाच पुराचाही आहे. अतिवृष्टीच्या वेळी खाडीत भरती असेल, तर नदीचे पाणी बाहेर पडण्यास वाव राहत नाही आणि ते मागे तुंबते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा माहीमच्या खाडीस मिळणाऱ्या मिठी नदीच्या काठी हेच घडले. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण बुडाले, त्यानंतर वाशिष्ठीतील गाळाचा विषय ऐरणीवर आला.

खाडीकाठच्या खाजणांत कांदळवने वाढतात. मासे व कोळंबीची पिल्ले त्यांच्या मुळांच्या आश्रयाने वाढतात आणि किनाऱ्याची धूपही कमी होते. ठाण्याच्या खाडीतील रोहित पक्ष्यांसाठी 2015 मध्ये अभयारण्य घोषित झाले. 2022 मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

यंत्रे आणि खाडीचे पाणी

बोटींची इंजिने व औष्णिक विद्युत केंद्रे थंड करण्यासाठी खाडीचे पाणी वापरले जाते. बोटीच्या तळाशी असलेल्या तोंडातून पाणी आत ओढले जाते आणि जाळीतून गाळून पंपाकडे जाते. उथळ खाडीत या तोंडात चिखल शिरतो, प्लॅस्टिकची पिशवी चिकटते, पाणी थांबते आणि इंजिन तापते. चिखलातील बारीक रेतीने पंपाची रबरी पाती झिजतात. म्हणून मोठ्या जहाजांवर पाणी घेण्याची दोन तोंडे असतात, एक तळालगत व दुसरे थोडे वर. उथळ पाण्यात वरचे तोंड उघडतात.

विद्युत केंद्रांचे प्रमाण याहून कितीतरी मोठे असते. डहाणूचे औष्णिक केंद्र तेथील खाडीचे पाणी वापरते. अशा केंद्रांच्या जाळ्यांवर मासे अडकतात, अंडी व सूक्ष्म पिल्ले जाळीतून आत ओढली जातात, नळांत शिंपले व कालवे वाढून प्रवाह रोडावतो. वापरलेले पाणी कोमट होऊन बाहेर पडते. समुद्राचे पाणी वापरणाऱ्या नव्या केंद्रांसाठी ही तापमानवाढ 7 अंश सेल्सियसपेक्षा अधिक नसावी, असा भारतात नियम आहे. उघड्या समुद्रात असे पाणी लवकर पांगते. अरुंद खाडीत ओहोटीच्या वेळी ते बराच काळ रेंगाळू शकते.