कपड्यांच्या ड्रायरमधील उष्णता-नियंत्रण: बिघाड शोधणे व भाग बदलणे

उद्दिष्टे: या पाठानंतर तुम्हाला (अ) ड्रायरमधील उष्णता-नियंत्रक भागांचे कार्य सांगता येईल, (आ) मल्टिमीटरने ते तपासता येतील, आणि (इ) भाग का जळाला याचे कारण शोधता येईल.

प्रस्तावना

छत्तीसगडमधील भिलाईच्या रुआबांधा भागात पावसाळ्यात दोरीवरचे कपडे लवकर वाळत नाहीत. ज्या घरात ड्रायर आहे तिथे तो याच दिवसांत सर्वाधिक चालतो. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनमधला ‘ड्रायर’ कपडे फक्त वेगाने फिरवून पाणी काढतो. इथे आपण गरम हवेने कपडे वाळवणाऱ्या टंबल ड्रायरचा विचार करू.

१. उष्णता जाते कुठे?

समजा हीटर २००० वॅटचा आहे. २३० व्होल्टवर त्यातून सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह जातो आणि दर सेकंदाला २००० ज्यूल उष्णता निर्माण होते. कपड्यांतील एक किलो पाण्याची वाफ करण्यासाठी साधारण २४०० किलोज्यूल लागतात. म्हणजे सगळी उष्णता कामी आली तरी २० मिनिटे हवीत.

ही उष्णता हवेबरोबर ड्रममध्ये जाते. जाळी किंवा पाईप कपड्यांच्या सुट्या तंतूंनी, म्हणजे लिंटने, बुजला की हवा अडते. हीटर मात्र उष्णता देतच राहतो. ती वाहून नेणारे कोणी नसल्याने हीटरजवळचे तापमान झपाट्याने वाढते.

२. नियंत्रक भाग

- थर्मोस्टॅट: यात दोन धातूंची जोडचकती असते. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, चकती उलट बाजूला वाकते आणि परिपथ तुटतो. थंड झाल्यावर तो पुन्हा जोडला जातो.
- हाय-लिमिट थर्मोस्टॅट: रचना तशीच, पण तो हीटरजवळ असतो व जास्त तापमानाला तुटतो.
- थर्मल फ्यूज: हा प्रवाहामुळे नव्हे, तापमानामुळे तुटतो आणि एकदाच काम करतो.
- थर्मिस्टर: इलेक्ट्रॉनिक यंत्रांत तापमान मोजतो. प्रचलित प्रकारात तापमान वाढले की रोध कमी होतो.

ड्रम फिरतो पण हवा गरम होत नाही, हे नेहमीचे लक्षण. काही यंत्रांत थर्मल फ्यूज गेल्यावर मोटारही सुरू होत नाही.

३. तपासणी व बदल

१. प्लग सॉकेटमधून काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. यंत्र थंड होऊ द्या. मोटारीच्या कपॅसिटरच्या टोकांना हात लावू नका.
२. जोडणीचा फोटो काढून भागाची वायर सोडवा. वायर जोडलेली राहिली तर मीटर दुसऱ्या मार्गाचा रोध दाखवू शकतो.
३. चांगला थर्मल फ्यूज जवळजवळ शून्य ओहम दाखवतो, तुटलेला अनंत. सर्वसाधारण तापमानाला थर्मोस्टॅटही शून्याजवळ हवा.
४. हीटरचा रोध मोजा. २००० वॅटसाठी तो सुमारे २६ ओहम येतो. हीटर आणि बाहेरील धातूचा सांगाडा यांत जोडणी दिसली तर हीटर बदला.
५. नवा भाग त्याच पार्ट नंबरचा, त्याच तापमानाचा व त्याच अँपिअरचा घ्या. थर्मल फ्यूजच्या टोकांना जवळून डाग देऊ नका. त्या उष्णतेनेच तो तुटू शकतो.

४. ‘डायरेक्ट’ का करू नये?

फ्यूज मिळत नाही म्हणून दोन वायरी थेट जोडून देण्याची पद्धत दिसते. यंत्र लगेच चालू होते, पण शेवटचे संरक्षण निघून जाते आणि अडलेली हवा तशीच राहते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० या काळातील माहितीनुसार, घरगुती ड्रायरच्या आगींमागे साफसफाई न करणे हे प्रमुख कारण होते: ३४ टक्के.

म्हणून फ्यूज तुटलेला आढळला, तर बिघाड सापडला असे समजू नका. त्याने आपले काम केले आहे. जाळी, पाईप आणि पंखा साफ करा, थर्मोस्टॅट तपासा आणि मगच नवा फ्यूज बसवा. अन्यथा तोही तुटेल.

स्वाध्याय

१. १८०० वॅट, २३० व्होल्टच्या हीटरचा रोध काढा. (उत्तर: सुमारे २९.४ ओहम)
२. थर्मल फ्यूज पुन्हा आपोआप जोडला जाणारा का बनवत नाहीत? कारण लिहा.
३. घरातील इस्त्री व गीझर यांत यांपैकी कोणते भाग असतात ते शोधा.